एकेचाळीस नंबरमधली सलोमी

दुपारचे अडीच. आईला औषध दिलंय, ती आतल्या खोलीत पडून आहे. मी बाहेर दिवाणावर तीन झेरॉक्स छातीवर धरून डोळे मिटते. अक्षरं पापणीच्या आतूनही दिसतात.

दफनाची वही, १९४४. कबर ४१. सलोमी पाटोळे, वय २६. ताप.

बाप्तिस्म्याची वही, १९४७. रूथ. आईचं नाव सलोमी पाटोळे.

शिरगणतीच्या वेळची गावची यादी, १९५१. सलोमी पाटोळे, वय ३३. मुलगी एक.

रूथ म्हणजे माझी आई. तिन्ही कागद खरे धरले तर मेल्यावर तीन वर्षांनी सलोमी बाळंत झाली.

डॉक्टरांनी महिना सांगितलाय. आईला तिच्या आईजवळ झोपायचंय, दुसरं ती काही मागत नाही. आमच्या दफनभूमीत नवी जागा उरलेली नाही. जुनी कबर उघडून तिच्यातच ठेवतात, पण आधीच्या माणसाशी रक्ताचं नातं लागतं. एकेचाळीसमध्ये कोण आहे ते रविवारपर्यंत चर्चच्या मंडळीच्या कमिटीला लिहून द्यायचंय. कोण आहे ते मला अजून

चर्चचं ऑफिस. सकाळी मी वह्या उलटल्या तेच टेबल. समोरच्या खुर्चीवर एक बाई उकिडवी बसली आहे. खुर्चीवर असं कोणी बसत नाही. कपाळावर हिरवं गोंदण. वय माझ्या मुलीएवढं.

"आजी?" मी विचारते.

"कुनाची आजी? मला पोरच झालं न्हाई."

"वहीत तर लिहिलंय, सलोमी..."

"वहीत म्या सलोमी. वहीच्या भाईर गोजरा. सलोमीची धाकली भन."

आईला मावशी होती हे मला ठाऊक नाही. आईलाही नाही.

"माजा बाप्तिस्मा न्हवता झाला," ती सांगते. "आज घेऊ, उद्या घेऊ, करता करता ताप आला. बिगर बाप्तिस्म्याचं मानूस कबरस्तानाच्या भितीच्या आत घेत न्हवते. ताई म्हनली, माजी भन कोल्ह्याकुत्र्यास्नी न्हाई सोडनार. पाळक नवा, पंधरा दिसांचा. त्याला सांगितलं, ही सलोमी. त्यानं लिवलं."

"आणि बाकीचे? गाव तर ओळखत होतं."

"गावानं माना खाली घातल्या. त्येंच्याबी घरात बिगर बाप्तिस्म्याची म्हातारी मानसं हुतीच की."

"म्हणजे माझी आजी स्वतःच्याच दफनाला हजर होती."

"हजर? समद्यात जास्त तीच रडली."

ती हसते. मी पण हसते आणि हसता हसता बघते, टेबलावर माझे पाय आहेत, अनवाणी, आणि ते टेबल नाही. मुरमाची तांबडी माती आहे. भिंत आहे. आम्ही दोघी कबरीच्या कडेला बसलोय आणि तिने पाय आत सोडलेत, विहिरीत सोडावेत तसे.

"मग सलोमी खरी मेली तेव्हा? आई पाच वर्षांची होती."

"ती कशी मरंल? वहीत आदीच मेलेली. एका मानसाला दोनदा कसं पुरायचं? नेली भितीभाईर, अंधार पडायच्या आत उरकलं."

भिंतीबाहेर आता हायवे आहे. आई जिच्याजवळ झोपायचं म्हणते, तिच्यावरून गाड्या जातात. मला हे आईला सांगावं लागेल. मला हे आईला

"रूथला कवा आनतीस?"

"ती जिवंत आहे."

"असू दे की. कवा?"

"ती तुझी कोणी नाही."

"न्हाई कशी? वहीत म्या सलोमी. सलोमीची लेक ती माजी लेक." आवाज अगदी साधा आहे, शेजारणीकडे विरजण मागावं तसा. "ऐंशी वरसं दुसरीच्या नावानं एकली पडलेय, पोरी. कुनी माजं नाव घेऊन फूल ठिवलं न्हाई. तूच साद दिलीस. कागद कुनी हुडकलं? म्या न्हाई."

मला उठायचंय. पायाखालची माती घोट्यापर्यंत चढली आहे. ती कोमट आहे.

"मी तुझं नाव लिहून देते," मी म्हणते. "सलोमी खोडायला लावते. गोजरा. सगळ्या मंडळीसमोर वाचायला लावते. आईला सोड."

ती कबरीत सोडलेले पाय हलवते. पलीकडे आईची कॉट दिसते, दफनभूमीच्या मधोमध, उशीजवळ औषधाची बाटली. आई कुशीवर वळते.

"बरं," गोजरा म्हणते. "पर साक्षीला अंगठा लागंल."

"कागद आणते."

"कागद नगं. कागदानंच घात केला."

ती माझं मनगट धरते. स्वतःचा अंगठा ओल्या मातीत दाबते आणि माझ्या हातावर, नाडीवर, टेकवते. दाबते. आणखी दाबते.

"सोडलंस ना आईला? गोजरा, सोडलंस ना?"

ती कॉटकडे बघत असते.

पंखा. दिवाण. तीन वाजायला आलेत. झेरॉक्स जमिनीवर पसरलेत.

"काय गं, कुणाला हाका मारतेस?" आतून आई.

मी आत जाते. आई जागी आहे, श्वास चालू आहे, मी तिच्या कॉटवर टेकते. सांगायचं ठरवते. एकेचाळीसमध्ये तुझी आई नाही, मी तुला तिथे ठेवणार नाही, तुला एक मावशी होती. शब्द जुळवते आहे तेवढ्यात ती माझा हात उलटा करते.

"हे काय लागलंय?"

मनगटावर तांबड्या मातीचा अंगठा. लहान, बाईचा. ओला. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे.

"आई, हात नको..."

"गप गं. पन्नाशी आली तरी हात धुवायचं कळत नाही." ती अंगठा जिभेवर ओला करते, माझ्या लहानपणी तोंड पुसायची तसा, आणि घासते. जोर लावून, नीट, कडेपासून.

"निघालं बघ," ती म्हणते.

माझं मनगट स्वच्छ आहे. आईचा अंगठा तांबडा झालाय.