दाभोळात कोणी बेकार नाही

पहाटे पुण्याहून एसटीने निघालो, तेव्हा माझ्या फायलीनुसार दाभोळात एकही बेकार उरला नव्हता. सरकारी रोजगार योजनेत शिकलेला प्रत्येक जण कामाला लागला, असं तिथल्या प्रशिक्षण केंद्राने लिहून दिलं होतं. ते खरं की खोटं हे तपासायला सरकारने मला पाठवलं होतं. माझी स्वतःची नोकरी अकरा महिन्यांच्या करारावरची. सरकारला विनोदबुद्धी नाही म्हणतात ते उगाच.

दापोलीनंतरच्या वळणांनी सकाळचा चहा परत मागितला. मी तो खिडकीतून दिला.

धक्क्यावर एक तांडेल (होडीचा प्रमुख) बर्फ चढवून घेत होता. त्याचं नाव माझ्या यादीत होतं.

"योजनेतून काम लागलं का?"

"लागलं की ओ. पावसाळ्यात मासेमारी बंद, घरी बसलेलो. केंद्रवाले आले, बेकार म्हणून नाव घातलं. बंदी उठली, चढलो होडीवर."

"कोणाच्या?"

"आपल्याच."

म्हणजे समुद्र खवळला की योजना सुरू, समुद्र निवला की योजना यशस्वी. कमाल आहे बुवा.

खानावळीत बांगड्याचं तिखलं (दाट, झणझणीत कालवण) आणि तांदळाची भाकरी समोर आली, तेवढ्यात एक बाई येऊन उभी राहिली. सुरेखा तिचं नाव.

"तुम्ही तपासणीवाले ना? मी रुग्णसेवेचा वर्ग केला. तेव्हापासून घरीच आहे. एकदा बाजारात सासूच्या माशांच्या पाटीशेजारी बसले होते, तर केंद्रवाल्यांनी फोटो काढला. आता कागदावर माझा मासेविक्रीचा धंदा आहे."

"मग?"

"रुग्णालयात मदतनीस घेतायत. केंद्राकडून यादी जाणार, फक्त बेकारांची, आज पाचपर्यंत. मला बेकारांत घाला."

जेवण अर्धं टाकून तिला घेऊन केंद्रात गेलो. केंद्रप्रमुख फार नम्र. "सर, नोंद बदलायला मालकाचं पत्र लागतं. कामावरून कमी केल्याचं."

"तुमच्याच कागदावर तीच मालक आहे."

"मग त्यांनी द्यावं."

तो थट्टा करत नव्हता. माझं डोकं फिरलं. सुरेखा मात्र बाकावर बसली आणि लिहू लागली: 'मी, सुरेखा, माझ्याकडे कामाला असलेल्या सुरेखाला आजपासून कामावरून कमी करत आहे.' खाली दोन सह्या केल्या, मालकाची आणि कामगाराची. केंद्रप्रमुखांनी शिक्का मारला. पाचला वीस मिनिटं असताना तिचं नाव यादीत गेलं.

"झाले बाई बेकार," ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं. इतकं सुखावलेलं बेकार माणूस मी पाहिलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मला लाज वाटत होती. असे कितीतरी कागद मी पुण्यात खुर्चीतून न उठता बरोबर ठरवले होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फाईल परत पाठवली. सुरेखाच्या नावापुढे लाल खूण होती: 'कामावरून कमी करण्याचे कारण लिहिलेले नाही.'

मी पेन उचललं आणि लिहिलं: 'काम नव्हते.'