भाड्याच्या घरातलं चित्र

मृदुला गेल्याचा तिच्या नवऱ्याचा, सतीशचा, फोन आला तेव्हा मला रडू आलं नाही. राग आला. इतकी वर्षं अबुधाबीत काढली आणि बाईनं स्वतःचं म्हणून एक चित्र मागे ठेवलं नाही. चित्रकलेची पदवी घेऊन इथं आलेली माझी ही मैत्रीण मंडळाच्या गणपतीचं मखर तेवढं रंगवायची. तुझं स्वतःचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अगं, भाड्याचं घर. भिंतीला खिळासुद्धा मारायचा नाही. पुण्याला गेल्यावर बघू." इथं आपण सगळे असेच... सोफ्याचं प्लास्टिकही काढत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्या दोघांना ओढतच एका प्रदर्शनाला नेलं. पुढे भल्याभल्यांची झोप उडवणाऱ्या एका जपानी चित्रकर्तीचं अगदी सुरुवातीचं काम तिथं होतं. कॅनव्हास नव्हताच. कागदाचं सरकतं दार, त्यावर काळे-शेंदरी फटकारे, आणि दार ओढायची खाच तशीच. पाटीवर लिहिलं होतं, की भाड्याच्या खोलीत तिनं हे रंगवलं, मालकानं हाकलल्यावर दारच काढून घेऊन गेली. मृदुला खदखदून हसली. मग तिथून हलेचना. शेवटी सतीश म्हणाला, "यल्ला, चला आता, पार्किंग संपतंय."

गाडीत मी म्हटलं, "बघ, तिचीही खोली भाड्याचीच होती."

"हो गं," एवढंच. नंतरही विषय काढला की ती उठून चहा टाकायची. मी वैतागून बोलणं सोडलं.

आणि अचानक ती गेलीच. सतीश तिला घेऊन पुण्याला गेला, तो परतला नाही. घर रिकामं करून द्यायचं माझ्याकडे आलं. ऑफिसातून पोचले तोवर पॅकर्स सामान घेऊन गेले होते आणि बिल्डिंगचा रंगारी स्टोअररूममध्ये होता. परत जायच्या बॅगा नि खोकी तिथं छतापर्यंत रचलेली असायची. कोणी कधी हलवली नाहीत, असं मी समजत होते.

"मॅडम, बॅग के पीछे पूरा दीवार पे पेंटिंग था," तो म्हणाला. "आपने बनाया?"

"नहीं... फोटो लिया?"

"नहीं मॅडम. खलास." त्यानं दोन्ही हात पसरून दाखवले. "लाल बहुत था. एक कोट में छुपा नहीं, दो मारना पडा."

मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं, मृदुला?

तो रोलर धुवायला गेल्यावर मी ओली भिंत नखानं खरवडली. पांढरंच निघालं.