बदली नव्हे, रिलीफ

मी फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. धुळ्याकडची निम्मी माणसं सुरतेत होती, मीही गेलो. पलसाण्याला हायवेलगतच्या एका डाइंग मिलमध्ये शिफ्ट सुपरवायझर झालो. ड्यूटी सकाळी सात ते संध्याकाळी सात. मी पावणेसातला हजर. जुनी खोड.

आमच्याच भागातला भगवान स्टेंटरवर होता. ओलं कापड ताणून गरम हवेत सुकवणारं ते मशीन. माणूस एक नंबर. पण जेवण उभ्यानं, पाण्याऐवजी चहा, आणि कुणी गैरहजर असला की त्याचीही शिफ्ट हाच ओढायचा. महिन्याभरात गालफडं बसली. हसणं बंद झालं. हाक मारली तरी अंगावर यायचा. मी म्हणायचो, "अरे, जरा बस." तो म्हणे, "बशीसन काय करू, अप्पा?"

एका दुपारी सव्वाचारला मी लाइनवर चक्कर मारत होतो. भगवानचे डोळे उघडे होते, पण तो बघत नव्हता. हात कापडाबरोबर रोलरकडे चालला होता. मी मनगट धरून मागे खेचलं. दोन बोटांचं अंतर होतं.

तसे डोळे मी पूर्वी पाहिले होते.

डोंगरातल्या एका पोस्टवर मी गार्ड कमांडर होतो. नियम साधा. दोन तास सेंट्रीचा पहारा, मग रिलीफ, म्हणजे त्याच्या जागी दुसरा जवान. नाईक दशरथ तो नियम मोडायचा. कुणाला ताप आला की म्हणायचा, "झोपू द्या त्याला, मी उभा राहतो." मला बरंच वाटायचं. असा माणूस कुणाला नको असतो? तीन दिवस मी त्याला उभं राहू दिलं. चौथ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला मी चहा घेऊन गेलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मला ओळखलं नाही, आणि पाऊल दरीच्या बाजूला टाकलं. आम्ही खाली उतरून पाहिलं. मग मी वायरलेस सेटवर बोललो.

"डेल्टा फॉर अल्फा. एक जवान दरीत. ओव्हर."

"अल्फा. जिवंत आहे? ओव्हर."

"नाही. ओव्हर."

ड्यूटी रोस्टरवर सही माझी होती.

म्हणून भगवानला मी तिथल्या तिथे सांगितलं, "उद्यापासून दर दोन तासांनी तुला बदली देतो."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बदली नको, अप्पा. मना पोरे शाळाम्हा शेतस." पोरं अजून शाळेत आहेत म्हणत त्यानं हात जोडले. विश्रांतीला हा एवढा का घाबरतो, मला कळेना. मग डोक्यात उजेड पडला. सुरतेत बदली म्हणजे तुझ्या मशीनवर उभा राहणारा दुसरा माणूस. तो एकदा उभा राहिला की तू घरी.

मी शब्दच बदलला. "बदली नाही, रिलीफ. रिलीफचा माणूस वीस मिनिटांनी परत जातो. मशीन तुझंच." फोल्डिंग खात्यातला एक माणूस शिकवून तयार केला. भिंतीवर रोस्टर लावला, स्टेंटरसमोर भगवानचं नाव शाईनं लिहिलं. त्याला बजावलं, सुटलास की बूट काढ, पाय धू, पाणी पी. डबा बसून खा. लागोपाठ दोन शिफ्ट बंद.

मिलचे शेठ आले, मशीन थांबेल या धास्तीनं. "हवालदार, मशीन ऊभुं नै रहेवुं जोईए."

"उभं राहणार नाही, शेठ. माणूस बसेल."

शेठ हसले, पण आठवडाभर घड्याळ लावून बसले. मशीन थांबलं नाही.

पहिल्या दिवशी भगवान वीस मिनिटं दारात उभा राहून मशीनकडेच बघत होता. वेळ झाली, मी मशीन परत त्याच्या हातात दिलं. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. दिवाळीपर्यंत तो डबा खाताना सगळ्यांची टिंगल करायला लागला, माझीसुद्धा. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

एकदा पाय धुऊन बाकावर बसला असताना त्यानं विचारलं, "अप्पा, तुमनी रिलीफ कव्हय?"

माझी रिलीफ कधी? सकाळपासून मी उभाच होतो. पोस्टवरून उतरल्यापासून उभाच होतो म्हणा ना. त्यानं सरकून जागा दिली. मी बूट काढले, बसलो. दशरथबद्दल मी घरीसुद्धा कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी वीस मिनिटं त्याच्याबद्दलच बोललो.

नाईक दशरथ. त्याची रिलीफ आलीच नाही. ती मी पाठवायची होती.