बापूंच्या डोहातले मासे

कणकवलीला गाडीतून उतरले आणि फलाटावरच्या पहिल्याच झळीने सांगितलं, बाई, तू चुकलीस. मे महिन्यात कोकणातल्या नदीवर मासे धरायला कुणी शहाणं माणूस येतं का? पाठीवर गळाच्या काठीची लांबोडकी पिशवी, हातात पाण्यात घालायचे जड बूट आणि वय असं की जिना दिसला की गुडघे आधी कुरकुरतात. तेवढ्यात फोन वाजला. ‘इलात?’ (आलात का?) बापूंचा आवाज. म्हटलं, आले, उद्या दुपारी तुमच्या दारात हजर होते. परतीची गाडी लगेच असती तर काय सांगितलं असतं, देव जाणे.

हे बापू कोण, ते आधी सांगते. मी एका छोट्या मासिकात हिमाचलातल्या ट्राउट माशांबद्दल लिहिते. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला लावायची, वाहत्या पाण्यावर अलगद टाकायची, मासा लागला की त्याचा फोटो काढायचा आणि त्याला परत सोडून द्यायचं. असा हा खुळा छंद, पण त्यासाठी लोक लांबून येतात आणि पैसे मोजतात. गोव्यात एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात काम करणाऱ्या महेशने माझं लिखाण वाचलं आणि घाटाच्या पायथ्याशी भात नि काजू पिकवणाऱ्या आपल्या बापाला, म्हणजे बापूंना, फोनवर वाचून दाखवलं. आपल्या परड्यामागूनही नदी वाहते, मग इथे का नाही? बापूंनी दोन खोल्या बांधून काढल्या. महेश म्हणाला, त्या बाईंना येऊन बघू दे, बरं लिहू दे, मग मी नोकरी सोडून घरी येतो. म्हणजे एका घरातला मुलगा परत येणार की नाही, ते माझ्या एका लेखावर. बापूंनी हे फोनवर इतकं सरळ सांगितलं, की नाही म्हणायला माझी जीभच वळली नाही. त्यांच्या गावाचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही.

एकदम बापूंच्या दारात जाऊन थडकण्यापेक्षा आधी मुलखाचा अंदाज घ्यावा, म्हणून पहिला दिवस खारेपाटणला घालवला. पुलाखाली उतरून पाण्यात तापमापक धरला आणि हसावं की रडावं कळेना. पाणी अंघोळीला काढल्यासारखं. बाजारात सुक्या मासळीच्या दुकानातल्या चाचांनी माझी काठी निरखून पाहिली, कोकमाचं सरबत पाजलं आणि अगदी मायेने सांगितलं की उन्हाळ्यात नदीतला मासा जिवाच्या भीतीने तळाला बसलेला असतो, त्याला कशाला छळता, त्यापेक्षा बांगडे घेऊन जा. बांगडे घेतले नाहीत. सल्लाही घेतला नाही. दोन्ही घ्यायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी एसटीने बापूंच्या गावी. थांब्यावर बापू छत्री घेऊन उभे, माझ्या डोक्याला ऊन लागू नये म्हणून. उंच, सडपातळ, बोलणं कमी. घरी त्यांच्या बायकोने, वहिनींनी, पेज (पातळ भाताची कांजी) आणि फणसाची भाजी वाढली. नव्या खोल्यांना चुन्याचा वास होता. एकीच्या भिंतीवर महेशचा शाळेतला फोटो आधीच लावून ठेवला होता, आणि वहिनी मला खोली दाखवताना तो उगाचच पदराने पुसत होत्या.

संध्याकाळी आम्ही नदीवर गेलो. जे उन्हाळ्यात गळ घेऊन निघतात त्यांच्यासाठी लिहिते, उन्हाळ्यातल्या डोंगरनदीचं गणित सगळीकडे एकच. पाणी उतरलेलं, काचेसारखं नितळ, त्यामुळे माशाला माणूस लांबूनच दिसतो. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासा सावलीत, नाहीतर खडकांतून पाणी फेसाळतं तिथे जाऊन बसतो. अशा पाण्यात गळाला लागलेला मासा झटापटीने दमतो, आणि सोडला तरी पुष्कळदा मरतो. म्हणून हिमाचलात पाणी ठरावीक अंशाच्या वर गेलं की आम्ही काठ्या गुंडाळतो. इथे तर त्या अंशाची आठवण काढण्यात अर्थ नव्हता. तरी बापूंसाठी मी माशी टाकत राहिले. बोटाएवढ्या पिलांखेरीज काही हललं नाही. परतताना शेवाळावरून पाय सटकला, आपटले, गुडघा फुटला. बापूंनी कसलासा पाला चुरडून जखमेवर दाबला. चुरचुरलं, पण रक्त थांबलं. मी स्पष्ट सांगितलं, बापू, पाणी फार तापलंय. ते एवढंच म्हणाले, की उद्या उजाडता कोंडीवर (नदीतल्या खोल डोहावर) जाऊ, तिथे पाणी गार आहे.

कोंड घरापासून फार लांब नव्हती, पण माझ्या गुडघ्याला लांबच होती. दोन्ही बाजूंना काळा खडक, वर करंजाची झाडं, पाणी हिरवंगार. तापमापक बुडवला. कालच्याहून बरं, तरी बरं म्हणावं इतकं नाहीच. मी मान हलवली.

‘एकच धरा,’ बापू म्हणाले. ‘झीलाक फोटो धाडतंय.’ (मुलाला फोटो पाठवतो.)

मी काठी जोडायला घेतली. आणि बापू पाण्याकडे दोन पावलं चालले मात्र, डोह खालून हलला. काळ्या पाठी वर आल्या, मोठ्या खवल्यांचे म्हसीर, हातभर लांब, एकामागून एक, बापूंच्या पायांपाशी. असं मी फक्त देवळांच्या घाटावर पाहिलंय. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. बापूंनी काखेतली टोपली पुढे घेतली, मूठभर शीत (शिजवलेला भात) पाण्यात टाकलं, आणि पाणी खदखदायला लागलं.

‘म्हयनोभर घालतंय,’ ते म्हणाले. ‘तुमी येतलात म्हणान. ह्ये माका वळखतत.’ (तुम्ही येणार म्हणून. हे मला ओळखतात.)

बापू पहिल्यांदाच हसले होते. मला मात्र घाम फुटला. पाहुणीला मासे मिळावेत म्हणून या भल्या माणसाने मासे माणसाळवून ठेवले होते. माझ्या पिसांच्या माशीकडे त्यातला एकही ढुंकून बघेना. त्यांना माशी नको होती, बापू हवे होते. तिथेच काठी गुंडाळली असती तर बरं झालं असतं. पण मी दमले होते, गुडघा ठणकत होता, एक फोटो झाला की सुटले, असा हिशेब मनात आला. पिशवीतलं पांढरं पीस शिताएवढं कातरलं, गळाला बांधलं, आणि बापूंनी पुढची मूठ टाकली तशी त्यातच सोडलं.

लगेच लागला. दोरी सूंकन पळाली, काठी वाकली. तो डोहभर फिरला, खडकाखाली शिरला, पुन्हा वर आला. मी खेचत राहिले. शेवटी मासा कुशीवर पडून काठाला आला. ओठात गळ, कल्ले जोरजोरात उघडत होते. मी म्हटलं, बापू, फोन काढा, लवकर.

बापूंनी फोन काढला नाही. ते लेंग्यासकट पाण्यात उतरले. ‘ताई, सोडा तेका.’

मी गळ काढला. मासा तरंगत राहिला, पोट वर. त्याला दोन हातांनी सरळ धरून तोंड प्रवाहाकडे करून ठेवा, एवढं मी सांगितलं. बापू तसे उभे राहिले, कमरेएवढ्या पाण्यात, दोन्ही हातांत म्हसीर धरून. ऊन खडकावर चढलं, तरी उभेच. ‘मरात काय?’ (मरेल का?) त्यांनी एकदा विचारलं. मला माहीत नाही, मी म्हटलं, आणि ते खरं होतं. खूप वेळाने शेपटीने हिसका दिला आणि तो खाली गेला. तगला की नाही, कोण जाणे.

बापूंनी टोपली उचलली, शीत टाकलं. कोणी आलं नाही. थोडं पलीकडे जाऊन टाकलं. पांढरी शितं हळूहळू तळाला गेली आणि डोह रिकाम्या घरासारखा पडून राहिला. बापू टोपली उलटी करून तिथेच उभे. मला इतकी लाज वाटली, की काठी तिथेच पाण्यात टाकून द्यावीशी वाटली.

तिन्हीसांजेला ओट्यावर बसून त्यांनी महेशला फोन लावला. वहिनी दाराआड, मी खांबाला टेकून.

‘पावनीन बघल्यान. मासो नाय म्हणता. तू नोकरी सोडू नुको.’ (पाहुणीने बघितलं. मासा नाही म्हणते. तू नोकरी सोडू नको.)

पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. बापू नुसतं हूं हूं करत होते. मग फोन खाली ठेवून मला म्हणाले, ‘तुमी तसाच लिवा. मासो नाय म्हणान.’ वहिनी आत गेल्या. चुलीपाशी भांडी जरा जोरात वाजली, मग तीही थांबली. त्या बाईने मुलासाठी पुसून ठेवलेल्या खोलीत मला रात्र काढायची होती. झोप कुठली येते?

सकाळी मी निघाले तेव्हा वहिनी टोपाच्या तळाचं शीत टोपलीत काढत होत्या. माझ्याकडे न बघताच बोलल्या, ‘झील चतुर्थेक तरी येतलो. तेंका दुसरो कोण आसा?’ (मुलगा गणपतीला तरी येईल. त्या माशांना दुसरं कोण आहे?) आणि टोपली नवऱ्याच्या हातात दिली. बापू मला थांब्यावर सोडून तसेच डोहाकडे वळले. एसटीच्या खिडकीतून त्यांची छत्री करंजांत शिरेपर्यंत दिसत होती.

घरी येऊन गुडघा शेकत मासिकासाठी चार ओळी लिहिल्या, घाटाखालच्या त्या नदीत उन्हाळ्यात मासा नाही, जाण्यात अर्थ नाही. आयुष्यात पहिल्यांदा खोटं छापायला दिलं, आणि त्याचं मला काही वाटत नाही. इतकी वर्षं मी मासा धरून सोडून द्यायचे आणि त्याला दया म्हणायचे. आता काठी माळ्यावर टाकली आहे. दमले, असं सगळ्यांना सांगते.

पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा बापूंचा फोन आला. लिहिलंत का, त्यांनी विचारलं. म्हटलं, लिहिलं, तुम्ही सांगितलंत तसंच. ‘बरा झाला,’ ते म्हणाले. महेशचं विचारावं तर धीर होईना. मला वाटलं, फोन ठेवला.

‘ताई,’ पलीकडून आवाज आला, ‘आज सकाळी दोन इले.’