बुटाचा आवाज

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचं ते आजही नीट कळत नाही. ही वही मी डाळीच्या डब्यामागे ठेवते. तरी कधी कुणाच्या हाती लागली, तर चुका पोटात घालाव्यात. या माणसाबद्दल तोंडाने सांगणं मला जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

तर, मामा डोळे मिटायचे.

मैदानावर नवा खेळाडू आला की सगळे बघायला पुढे सरकत. मामा मात्र रुळाखालच्या जुन्या लाकडी स्लीपरवर मांडी घालून डोळे मिटून बसत. पोराने बॉलला लाथ मारली की त्यांची मान एका अंगाला कलायची. मग फैसला यायचा. "भरीव हाय." नाहीतर, "पोकळ हाय. घरी पाठवा."

मामा रेल्वेत चाबीवाले होते. रोज सकाळी हातोडा घेऊन रुळाच्या कडेने मैलोन्‌मैल चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाब्या ठोकायच्या, आणि आवाजावरून कोणती ढिली झाली ते ओळखायचं, हे त्यांचं काम. वर बघायची गरज नाही, खाली वाकायची गरज नाही. ठण्ण वाजली तर घट्ट, ठक वाजली तर ढिली. इतकी वर्षं त्यांचा कान कधी चुकला नव्हता. त्यामुळे त्यांना वाटायचं, जे लोखंडाचं तेच माणसाचं.

आमचं गाव पूर्णा, रेल्वेचं जंक्शन. माझे मालक लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनाची पडतील ती कामं करणारे. चहाचं हॉटेल मी चालवायचे. हॉटेल म्हणजे चार पत्रे, एक चूल आणि भज्यांची कढई, पण जागा ऐन मैदानाच्या कडेला. समोर रेल्वेने टाकून दिलेले सहा स्लीपर पडलेले असत. फुटबॉल टीमची खरी कमिटी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या खोलीत पंख्याखाली भरायची. आमच्यासमोर भरायची ती बिनपंख्याची कमिटी. खरी कमिटी अर्ध्या तासात उठायची, ही मात्र उठायचं नावच घेत नसे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलत नाहीत, पण टीममध्ये कोणाला घेतलं आणि कोणाला वगळलं यावर गळ्याच्या शिरा फुगवतात.

"दोन साल झाले, फायनलला नाक कापून घ्यायलोत," चाचा सुरुवात करायचे. चाचा म्हणजे रिटायर इंजिन ड्रायव्हर, मामांचे जुने दोस्त आणि रोजचे विरोधक. "गोली कोन ठेवलाय? सेक्रेटरीचा भाचा! बाल आला की जावयासारखा आधी रुसतो, मग वाकतो."

"वाकतो तरी का?" पोस्टमन सुदाम म्हणायचा. "मागच्या साली तर हात जोडून बालाला वाट दिली त्यानं."

मामा बोट वर करायचे. "गोलीचं सोडा. आपण गोल खाल्ले दोन, मारला एकबी न्हाई. घरात पीठच न्हाई अन तुमी चुलीला शिव्या द्यायलात. आपल्याला फारवर्ड पायजे."

"फारवर्ड हाय की. मिलिंद हाय."

इथे आली की गाडी रोज अडायची.

मिलिंद रुळापलीकडच्या वस्तीतला. अनवाणी खेळायचा, डाव्या बाजूने. नामांतराच्या दंगलीनंतर त्या वस्तीतली पोरं आमच्या हॉटेलात यायची बंद झाली होती. येऊ नका असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि या असंही कोणी म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही. पण मैदानावर ती येत, आणि तिथे सगळे एकत्र ओरडत.

मिलिंदच्या लाथेला आवाज नव्हता. पायाच्या आतल्या अंगाने तो बॉल असा घेऊन जायचा, जसं मांजर पिल्लू नेतं.

"ह्यो पोरगा बालाला मारायलाय का कुरवाळायलाय?" मामा म्हणायचे.

"मामू, एकदा डोळे उघडून तर बघ!"

"डोळं फसिवतात. कान न्हाई."

मी चुलीपाशी उभी असायचे, आणि तिथून सगळं मैदान दिसायचं. मिलिंदने एका दमात तीन गडी मागे टाकलेले मी कितीदा पाहिले. पण बोलले नाही. पाच पुरुषांत बाईने फुटबॉलचं काय बोलावं?

त्या वर्षी स्पर्धेच्या आधी सेक्रेटरी साहेबांनी मोठ्या शहरातून एक खेळाडू आणवला. उंच, केस मागे वळवलेले, पायात चामड्याचे बूट आणि बुटाला खालून खुंट्या. आमच्या टीमने असे बूट लांबूनच पाहिलेले. त्याने पहिली लाथ मारली आणि असा धप्प आवाज झाला की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

मामांचे डोळे आपोआप उघडले. "भरीव! रूळ हाय, रूळ!"

"बूट हाय तो," चाचा म्हणाले.

"बुटाला कुठला आवाज? आत पाय हाय म्हनून वाजायलाय."

पण त्याला जेवण, भाडं आणि वर खर्ची द्यायची होती. कमिटीजवळ पैसे नव्हते. सेक्रेटरींनी हात वर केले, "तुम्हाला पाहिजे असेल तर पट्टी काढा." आणि त्याच्यासाठी बाहेर बसवायचं कोणाला? तर मिलिंदला, कारण जागा त्याची होती.

मैदानाच्या दोरीपलीकडून वस्तीतला एक म्हातारा बोलला, "बसवायला आमचाच पोरगा दिसला व्हय?"

मामांना ते लागलं. ते उठून दोरीपाशी गेले. "बाबा, पायाला वस्ती नसती. माझा कान जात वळखत न्हाई."

ते खरंच होतं. मामांच्या मनात तसलं काही नव्हतं. त्यांच्या कानाला जात कळत नव्हती, आणि बूटही कळत नव्हता. पण घरी बसायचं ते त्या पोरालाच होतं.

पट्टी सुरू झाली. मामांचा शब्द म्हणून एकेकाने दहा, वीस, तीस काढले. पंधरा जण झाले. आणि मग माझं काय झालं कोण जाणे, मलाही ते वारं लागलं. कुकरसाठी साठवलेली पन्नासची नोट मी बशीखाली सरकवली आणि म्हणाले, "मामा, हे माझे."

सगळ्यांनी माना वळवल्या.

"वैनी बोलल्या!" सुदाम ओरडला. "आता कप कुठं जात न्हाई!"

मी पदर दातात धरला आणि पळीने उगाच रिकामं पातेलं ढवळत बसले.

फायनल दुसऱ्या एका जंक्शनच्या टीमशी होती, तीच दोन वर्षं आम्हाला हरवणारी. थंडीचे दिवस. पहाटे कुठूनसं आभाळ आलं आणि घटकाभर भुरभुर पाऊस पडून गेला. दुपारपर्यंत ऊन पडलं, पण आमची काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. एकदा ओली झाली की पायाला जी धरते ती सोडत नाही. अनवाणी पोराने पाय झटकला की झालं. बुटाच्या खुंट्यांत मात्र ती रुतून बसते.

पंधरा मिनिटांत त्या खेळाडूच्या प्रत्येक पायाखाली भाकरीएवढा गोळा झाला. धावायला जायचा आणि जात्याला बांधल्यासारखा जागेवरच राहायचा. बॉलला लाथ मारली तर बॉलच्या आधी चिखल उडायचा.

"बूट काढ! बूट काढ!" सगळं मैदान ओरडायला लागलं.

त्याने बूट काढले. चार पावलं गेला आणि पायात सराट्याचा काटा भरला. शहरातला पाय तो! शेळीच्या करडासारखा उड्या मारायला लागला. लोक हसले, मग हसू थांबलं, कारण तोवर आमच्यावर दोन गोल झाले होते.

हाफ टाइम झाला. मामा उठले आणि थेट सेक्रेटरींच्या खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले. खुर्ची आमच्या हॉटेलाला लागूनच मांडलेली, त्यामुळे सगळं मला ऐकू आलं.

"साहेब, त्याला बसवा. मिलिंदला उतरवा."

"असं कसं मामा? लोकांची पट्टी आहे. लोकांच्या पैशाने आणलेला माणूस बाहेर बसवला, तर उद्या लोक माझी गचांडी धरतील."

"त्याच्यापायी हारायचं?"

"पैसा वाया घालवला असं कोणी म्हणू नये, एवढंच मी बघतो."

मामा वळले. मग लोकांकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "पट्टी मी भरतो. समद्यांची. इमानानं जबान देतो. आता तो गडी लोकांचा न्हाई, माझा हाय. माझा गडी मी बसवायलोय!"

"लेखी द्याल?" सेक्रेटरी म्हणाले.

मामांना लिहिता येत नव्हतं. ते माझ्याकडे वळले. "वैनी, लिवा."

मी चहापत्तीच्या पुड्याचा कागद उलटा केला आणि मालकांचं पेन घेतलं. एकेक जण आपलं नाव आणि रक्कम ओरडत होता. चाचा वीस. सुदाम दहा. शिट्टी वाजायला आली होती, लोक "लवकर, लवकर" करत होते. मी पंधरा ओळी लिहिल्या. माझी लिहिली नाही. मामांनी चुलीतली काजळी अंगठ्याला लावून खाली उठवली.

मग ते दोरीपाशी धावले. मिलिंद वस्तीच्या लोकांत उकिडवा बसला होता.

"चल बाबा, उतर."

मिलिंद हलला नाही. "माझ्या लाथंला आवाज न्हाई म्हंता न्हवं, मामा?"

"खेळ झाल्यावर कान काप माझा. आता पळ!"

मिलिंद हसला आणि दोरीखालून आत शिरला.

पुढची अर्धी वेळ मी चहा केलाच नाही. कुणी मागितलाही नाही. मिलिंदला बॉल मिळाला की डाव्या अंगाने तो जायचा आणि समोरची पोरं त्याच चिखलात घसरून बसायची. पहिला गोल त्याने स्वतः मारला. इतक्या हळू मारला की गोलीला वाटलं बॉल थांबणार. तो थांबला नाही. वस्तीची माणसं आणि कॉलनीची माणसं दोरी तुडवून एकमेकांच्या अंगावर पडली. चाचांची टोपी कढईत गेली.

मामा उभे होते, डोळे टक्क उघडे. त्यांच्या हातात माझी सांडशी होती. ती त्यांनी कधी उचलली, त्यांनाही माहीत नव्हतं. "डोळं," ते स्वतःशीच म्हणत होते, "डोळं उघडं ठेवाय पायजे व्हते."

सूर्य शेडमागे गेला तेव्हा मिलिंदने तीन जणांना आपल्याकडे ओढून घेतलं आणि बॉल मधल्या पोराला ढकलला. दुसरा गोल. दोन-दोन! मी ओरडले. खरंच ओरडले, आणि त्या गोंगाटात कुणाला कळलं नाही म्हणून आणखी एकदा ओरडले.

जादा वेळ खेळवायला उजेड उरला नव्हता. कप दोन्ही टीमना मिळून दिला, सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने आमच्याकडे. नाणं उडवलं आणि पहिले सहा महिने आमचे निघाले. कप खांद्यावर घेऊन मिलिंद आणि त्याच्यामागे वस्तीची पोरं आमच्या हॉटेलात शिरली. त्या दिवशी मी तोंड उघडलं, "बसा की, चहा टाकते."

दुसऱ्या दिवशी बिनपंख्याची कमिटी भरली. मिलिंद पहिल्यापासून असता तर तीन झाले असते की चार, यावर दुपारपर्यंत भांडण झालं. मग चाचा म्हणाले, "मामू, कप आला. पट्टी-बिट्टी विसर."

"कप आला म्हनून माझी चूक बराबर झाली का?" मामा म्हणाले. "जबान दिली ती हाफ टायमाला. तवा दोन गोल खाऊन बसलो व्हतो."

दर पगाराला मामा येत. उभ्या उभ्याच एकाचे नाहीतर दोघांचे पैसे देत, कागद माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "वैनी, रेघ मारा." मी रेघ मारायची. त्यांनी विडी सोडली. मामींनी त्या दिवाळीला लुगडं घेतलं नाही, हे मला नळावर कळलं. नवा खेळाडू आला तर मामा आता सगळ्यांत पुढे उभे राहत आणि दटावत, "पहिलं बूट काढ. मग मार."

पंधरावी रेघ मारली तेव्हा त्यांनी कागदावरून बोट फिरवलं, बराच वेळ. मग कागद घडी घालून खिशात ठेवला. त्याच महिन्यात ते रिटायर झाले आणि पेडगावला आपल्या घरी गेले. त्यानंतर ते मैदानावर दिसले नाहीत. गुडघे गेले होते म्हणे. त्यांच्या स्लीपरवर कोणी बसलं की चाचा त्याला उठवायचे, मग स्वतःच तिथे बसायचे.

पाच-सहा महिन्यांनी सुदाम सायकलवरून उतरला. टपाल वाटायचं सोडून माझ्यासमोर उभा राहिला. "वैनी, तुमची मनीआर्डर हाय."

जन्मात मला कधी मनीऑर्डर आली नव्हती. पन्नास रुपये. खालच्या चिठ्ठीवर कुणा शाळेतल्या मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'माणसं सोळा होती. रेघा पंधराच झाल्या. वैनी, तुम्ही तुमचं नाव लिहिलं नाही.'

परत पाठवावी असं क्षणभर वाटलं. पण मामांना मी ओळखत होते. त्यांनी ती पुन्हा पाठवली असती, आणि पाठवायचा खर्च वेगळा. मी सही केली, पूर्ण नावाची. नोटा मोजल्या.

"कुणाची हाय? कितीची हाय?" स्लीपरवरून चाचा ओरडले. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मामांची," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पन्नास. समदे फिटले."