दार लावून घेतलेला तास

वहिनीने छातीतली गाठ दीड वर्ष पदराखाली लपवली. इस्पितळात नेली तेव्हा लेडी डॉक्टर माझ्यावरच ओरडली, "शिकलेल्या घरात असं?" वहिनी वाचली नाही. गाठ कशी चाचपून पाहायची, ते मात्र मी त्या डॉक्टरबाईंकडून शिकून घेतलं.

मी तेव्हा उज्जैनला मुलींच्या शाळेत आरोग्यशास्त्र शिकवत होते. मध्य भारत राज्य नुकतंच मध्य प्रदेशात विलीन झालं होतं, शिक्षण खातं भोपाळला हललं होतं. कुणाची परवानगी घ्यायची, हेच कळत नव्हतं. मी कुणाचीच घेतली नाही. मॅट्रिकच्या मुलींचा तास दार लावून घेतला. पाळी संपल्यावर, दर महिन्याला, बोटं सपाट ठेवून गोल फिरवायची. मुली आधी खिदळल्या, मग नीट ऐकू लागल्या.

"घरी आईलाही सांगा," मी म्हटलं.

एकीने सांगितलं. आईच्या हाताला स्वतःच्या छातीत सुपारीएवढी गाठ लागली.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील हेडमास्तरीणबाईंच्या खोलीत उभे. "मुलीला शाळेत पाठवतो ते हे घाणेरडं शिकायला?"

"पण डॉक्टरला दाखवलंत का?" मी विचारलं.

"आमच्या घरातल्या बायकांचं आम्ही बघू."

हेडमास्तरीणबाईंनी कागद पुढे सरकवला. "माफ़ी लिख दीजिए, बात ख़तम कीजिए."

मी लिहिली. नोकरी हवी होती. वडिलांनी मुलीला शाळेतून काढलं. त्यांचं घर फ्रीगंजमध्ये, माझ्या रोजच्या रस्त्यावर. मी रस्ता बदलला.

सात-आठ महिन्यांनी देवास गेटच्या मोटार स्टँडवर ती दिसली, आईला धरून इंदूरच्या गाडीत चढवत होती. आईच्या अंगावर मांस उरलं नव्हतं. वडिलांनी सामानाच्या निमित्ताने पाठ फिरवली. मुलगी मात्र खाली उतरली.

"बाई, मला वाटलं होतं, तुम्ही येऊन बाबांना समजावाल."

"मला घरात घेतलं नसतं गं."

"पण तुम्ही आलाच नाहीत ना."

इंदूरच्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून परत पाठवलं. दिवाळीआधी ती माउली गेली. मी भेटायला गेले, तर वडिलांनी अदबीने चहा पुढे केला. मी तो मुकाट्याने प्याले. त्या चहाची चीड अजून जात नाही.

पुढच्या वर्षी मी तो तास पुन्हा घेतला. महिन्याभरात शाजापूरला बदलीचा हुकूम आला. तिथे मला शिवणकाम शिकवायला दिलं.