विचारलं का त्याला?

‘विचारलं का त्याला?’

असं म्हणताना आमच्या ऑफिसातले काका पेन्सिलीच्या मागच्या टोकानं कॉम्प्युटर टर्मिनलच्या डोक्यावर दोनदा टकटक करायचे आणि खुर्ची जरा मागे सरकवून आपल्याला पुढे यायला जागा द्यायचे. त्याला म्हणजे त्या टर्मिनलला. माणसांच्या चौकशा ते कधी करत नसत, आणि खरं सांगायचं तर त्यांचीही कुणी करत नसे. तुमच्याही ऑफिसात असं एक माणूस असेल बघा. हजेरीपटावर असतं, सहलीच्या फोटोत नसतं.

आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस तेव्हा कर्वे रस्त्यावर एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. पंचवीसेक माणसं, बहुतेक माझ्यासारखी नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली आणि स्वतःला अतिशहाणी समजणारी. ते चव्वेचाळीस वर्षांचे, म्हणून ‘काका’. यवतमाळकडचे. ‘काय करून राहिले मॅडम?’ असं ते म्हणाले की आमची पुणेरी टोळी तोंडाला रुमाल लावायची. तेवीस वर्षांच्या पोरीला मॅडम म्हणणारे जगात ते एकटेच, पण त्याचं कौतुक मला तेव्हा कुठलं असायला!

टर्मिनल म्हणजे काय ते आजच्या पोरांना सांगावं लागेल. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, पुढे कीबोर्ड. अक्कल सगळी आतल्या थंड खोलीतल्या एका मोठ्या मशीनमध्ये. गंमत अशी की प्रत्येक कंपनीच्या टर्मिनलची भाषा वेगळी. ‘पडदा पूस’ हे एकाला एका खुणेनं कळायचं, दुसऱ्याला दुसऱ्याच खुणेनं. म्हणून त्या मशीनमध्ये एक फाईल असायची. तिच्यात प्रत्येक टर्मिनलच्या नावापुढे त्याला काय काय येतं ते लिहिलेलं. सी भाषेत प्रोग्राम लिहिताना आधी टर्मिनलचं नाव घ्यायचं, फाईलीतली त्याची नोंद उघडायची आणि एकेक विचारायचं. पडदा पुसता येतो का? कोणत्या खुणेनं? अक्षर ठळक करता येतं का?

‘अगदी वधूवर सूचक मंडळच की हो काका,’ मी म्हटलं. घरी माझे कांदेपोहे जोरात चालू होते, त्यामुळे डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

ते हसले नाहीत. ‘याच्यात येत नाही ते लिहीतच नाही मॅडम. येते तेवढंच लिहायचं.’

‘मग येत नाही हे कळायचं कसं?’

‘विचारलं की शून्य येते. शून्य आलं की आपण गप पुढं जायचं. त्याले येत नाही म्हणून त्याच्या नावापुढं कायले लिहून ठेवायचं?’

मी मान डोलावली आणि अर्थातच ऐकलं नाही. खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात आमचा मालाच्या नोंदींचा प्रोग्राम जायचा होता. माझ्या टेबलावरच्या टर्मिनलला जी खूण कळायची तीच मी सरळ प्रोग्राममध्ये ठोकून दिली. कोण बसतंय फाईल उघडत! तिकडे स्टोअरकीपरच्या टेबलावर निघालं भलतंच जुनं टर्मिनल. पडदा पुसायचं सोडून ते त्यावर चौकोनी कंस, दोनचा आकडा आणि इंग्रजी ‘जे’ हे अक्षर छापत सुटलं. पडदाभर तेच. स्टोअरकीपर म्हणाला, ‘मॅडम, ही रांगोळी काय हाय?’

दुसऱ्या दिवशी काका माझ्याबरोबर बसनं आले. त्या टर्मिनलचं नाव फाईलीत नव्हतंच आणि त्याच्याबरोबर आलेलं पुस्तक केव्हाच हरवलं होतं. नाव सापडलं नाही की नीट लिहिलेला प्रोग्राम त्याला मुकं धरून चालायचा. एकाखाली एक ओळी छापायच्या, बाकी काही मागायचं नाही. काकांनी बाह्या सरसावल्या आणि दिवसभर त्याला एकेक खूण देऊन पाहिली. ‘हे येते का बाप्पा? बरं, राहू दे. मग हे येते का?’ इतक्या मऊ आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. चार-साडेचारला पडद्याच्या मधोमध एक ओळ उलटी उजळली, हिरव्यावर काळी. स्टोअरकीपर उठून उभाच राहिला. ‘आठ वरसं माझ्या म्होरं हाय हे. ह्याला असलं काय येतंय मला ठावंच न्हवतं!’

‘कोणी विचारलं नाही ना त्याला,’ काका म्हणाले. आणि फाईलीत त्याची नवी नोंद लिहायला बसले. त्यांचा चेहरा असा काही खुलला होता की मला वाटलं, यांना चहाला चला म्हणावं. तेवढ्यात बसची वेळ झाली.

सोमवारी सकाळी त्यांचा आवाज बसलेला असायचा. दर सोमवारी. एकदा मी आल्याचा रस घ्यायचा सल्ला दिला. सल्ला द्यायला आम्हा पुणेकरांना कुणी विचारावं लागत नाही. तर म्हणाले, ‘शनिवारपासून कोणाशी बोललो नाही ना. मग गळा बसते.’ काल लाइट गेली होती म्हणावं इतक्या साधेपणानं. नारायण पेठेत एक खोली, शेजारी खानावळ. तिथे ताट आपोआप पुढ्यात येतं, बोलावं लागत नाही. मी कीबोर्ड बडवायला लागले. आज त्याची लाज वाटते.

मग दिवस बदलले. माऊस आला, रंगीत पडदे आले, परदेशातलं मोठं काम आलं. आमच्या साहेबांनी नवीन ऑफिस घेतलं. मी तोवर टीमची प्रमुख झाले होते. त्यांनी मला एक कागद दिला. प्रत्येकाच्या नावापुढे लिहायचं, काय येतं, काय येत नाही, नवीन शिकेल का. ‘यावरून ठरवू कुणाला बरोबर न्यायचं,’ साहेब म्हणाले. म्हणजे त्या कागदावर कुणाची नोकरी राहणार आणि कुणाची जाणार, हे मला पक्कं माहीत होतं.

काकांचं नाव सगळ्यात शेवटी होतं. संध्याकाळी मला बघायला मंडळी येणार होती, आईचे दोन फोन येऊन गेले होते. मी घाईघाईनं लिहिलं, ‘जुनं काम उत्तम. नवीन येत नाही. या वयात शिकणं अवघड.’ वर स्वतःची समजूतही घातली, बरंच झालं, म्हातारपणी उगाच फरफट नको त्यांची. अहो, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस! मी आज छप्पन्न वर्षांची आहे आणि मला कुणी म्हातारी म्हटलं तर सोडणार नाही. ते माझ्यापासून चार पावलांवर बसले होते. मान वळवून ‘काका, शिकाल का हो?’ एवढंच म्हणायचं होतं.

महिन्याभरानं त्यांचा शेवटचा दिवस आला. मन खात होतं म्हणून मी त्यांना ड्रॉवर आवरायला मदत करायला गेले. पेन्सिली, कंगवा, एक मफलर आणि तळाशी एक दोनशे पानी वही. सहज उघडली. तिच्यात टर्मिनलं नव्हतीच. नवीन, माऊसवाल्या प्रोग्रामिंगचे धडे होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांच्या बारीक सरळ अक्षरात. चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त केलेल्या.

‘रविवारी यायचो,’ ते म्हणाले. ‘साहेबांच्या केबिनीतली नवी मशीन रिकामी असते. वॉचमन उघडून द्यायचा. खोलीत बसून तरी काय करायचं?’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मग मला सांगितलं का नाहीत?’

यावर त्यांचं उत्तर काय असणार ते तुम्हाला कळलं असेल. मलाही कळलं होतं. त्यांचा हात पेन्सिलीकडे गेलेला मी पाहिला. जन्मभर टर्मिनलांसाठी वापरलेलं ते वाक्य एकदाच स्वतःसाठी म्हणायचा त्यांना हक्क होता. त्यांनी पेन्सिल उचलली, मफलरमध्ये गुंडाळली.

‘राहून गेलं मॅडम,’ ते म्हणाले.

तो कागद मी भरला होता हे त्यांना माहीत होतं का, देव जाणे. ते सांगायचं आणि माफी मागायची म्हणून तीन आठवडे धीर गोळा करून मी नारायण पेठेत गेले. जिना चढून वर गेले तर खोलीला कुलूप. शेजारच्या दारातून घरमालक बाहेर आले, हातात वर्तमानपत्र.

‘सोडली त्यांनी खोली. पंधरा दिवस झाले.’

‘पत्ता ठेवून गेलेत का?’

‘पाच वर्षांत एक पत्र आलं नाही त्यांना. पत्ता घेऊन काय देव्हाऱ्यात ठेवू?’

‘गावी कोण असतं त्यांचं?’

त्यांनी चष्मा वर सरकवून मला नीट पाहून घेतलं. ‘आपण कोण त्यांच्या?’

‘एका ऑफिसात होतो. शेजारी बसायचो, तीन वर्षं.’

‘तीन वर्षं शेजारी होतात, आणि गावी कोण असतं ते मला विचारताय? त्यांना नाही विचारलंत कधी?’

‘नाही,’ मी म्हटलं, आणि जिना उतरले.